कोल्हापूर जिल्ह्यातील सार्वजनिक शाळा आणि राज्याचा अर्थसंकल्प

जिल्हा परिषद, महापालिका व नगरपालिकांच्या शाळा आणि खासगी अनुदानित शाळा यांचा बहुतेक खर्च राज्याच्या अर्थसंकल्पावर चालतो. कोल्हापुरात हा विषय जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि पुढच्याच वर्षी करवीर पेट्यातील चिखली येथे या योजनेतील शाळा सुरू झाली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. दंडाची बाब सगळ्यांना ठाऊक असते. शाळेच्या खर्चाची जबाबदारी दरबारने उचलली होती, ही बाजू मात्र कमी सांगितली जाते. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ती जबाबदारी राज्य सरकारकडे गेली. ‘विद्या मंदिर’, ‘कन्या विद्या मंदिर’, ‘कुमार विद्या मंदिर’ अशा पाट्यांच्या गावोगावच्या शाळा आज जिल्हा परिषद चालवते.

मार्चमध्ये विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला जातो. शाळांची तरतूद मुख्यतः 2202 ‘सामान्य शिक्षण’ या लेखाशीर्षाखाली असते. तरतूद झाली म्हणजे पैसे आले असे नव्हे. वित्त विभाग निधी टप्प्याटप्प्याने मोकळा करतो, तो अर्थसंकल्प वितरण प्रणाली या ऑनलाइन यंत्रणेवर दिसू लागला की मगच कोषागारातून बिले निघतात. कमी पडलेली रक्कम पुरवणी मागण्यांतून मिळते किंवा मिळत नाही. वर्षाचा बराच निधी फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवण्याची धावपळ उडते.

या तरतुदीचा फार मोठा वाटा पगारावर जातो. त्यावरून शाळांवरचा खर्च वाया जातो अशी टीका होते. ती चुकीची आहे. दोन शिक्षकी शाळेतले एक पद गेले, तर सगळे वर्ग एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडतात. म्हणूनच राज्याचा निर्णय गावात सर्वांत आधी जाणवतो तो संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या वार्षिक प्रक्रियेत. मार्च 2024 च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांना शिक्षकपद मिळण्यासाठी किमान 20 विद्यार्थ्यांची अट घातली. हातकणंगले, शिरोळच्या मोठ्या गावांत ती सहज पुरी होते. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, चंदगडच्या वाड्यावस्त्या आणि धनगरवाडे यांच्यासाठी हाच आकडा शाळेच्या मुळावर येतो.

पगाराबाहेर उरते ते थोडके, आणि शाळेचे रोजचे जगणे त्याच्यावर असते. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के व राज्याचा 40 टक्के आहे. तिच्या निकषांप्रमाणे 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 पटाला 25,000 आणि 101 ते 250 पटाला 50,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. यातला किमान दहावा भाग स्वच्छतेसाठी ठेवायचा असतो. गगनबावड्यासारख्या मुसळधार पावसाच्या तालुक्यात 28 मुलांच्या शाळेने 10,000 रुपयांतून वीजबिल, खडू, हजेरीपट, स्वच्छतागृहाची साफसफाई भागवायची आणि जूनच्या आत फुटकी कौले बदलायची. कौलांवरच निम्मी रक्कम गेली, तर पुढचे वर्ष मुख्याध्यापकांच्या खिशावर किंवा गावाच्या वर्गणीवर निघते. छपराला पाऊस सारखाच लागतो, मग तिथे 28 मुले शिकोत की 200. अनुदान मात्र डोकी मोजून येते. मोठी दुरुस्ती आणि नव्या खोल्या जिल्हा नियोजन समितीच्या निधीवर अवलंबून असतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर अशा कामांची गरज एकदम वाढली.

छोट्या निर्णयांचा परिणाम किती थेट असतो, हे पोषण आहारात दिसले. 2023 च्या अखेरीस राज्याने आपल्या पैशातून आठवड्याला एक अंडे सुरू केले. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद झाला आणि अंडी व साखर हवी असल्यास लोकसहभागातून उभी करावी, असे शाळा व्यवस्थापन समित्यांना कळवण्यात आले. सधन गावाला हे जमते. ज्या वस्तीतल्या मुलांना त्या अंड्याची खरी गरज आहे, तिथे वर्गणी कोणाकडे मागायची?

महापालिकेच्या शाळांची वाट थोडी निराळी आहे. शिक्षकांच्या पगारातला हिस्सा आणि इमारतींचा खर्च महापालिकेला सोसावा लागतो. जकात गेली, 2011 मध्ये तिच्या जागी आलेली एलबीटी (स्थानिक संस्था कर) 2015 मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी उठली आणि 2017 पासून जीएसटीची नुकसानभरपाई राज्याकडून येते. त्यामुळे पालिकेचा ‘स्वतःचा’ पैसाही बराचसा मुंबईवरच अवलंबून आहे. घरफाळ्याच्या बिलात नागरिक शिक्षण कर भरतात, पण 1962 च्या कायद्यानुसार तो उपकर राज्याच्या तिजोरीत जातो. अशा स्थितीतही जरगनगरच्या महापालिका शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी पाडव्याच्या आधी पालक रांगा लावतात. चांगली चाललेली सरकारी शाळा लोकांना हवीच आहे.

खासगी शाळांमध्ये अंशतः अनुदानित, म्हणजे पगाराचा काही भागच सरकारकडून मिळणाऱ्या शाळांची अवस्था सर्वांत बिकट आहे. अनुदान कधीच मागणार नाही या अटीवर मान्यता मिळालेल्या ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या नावातील ‘कायम’ हा शब्द 2009 मध्ये वगळला गेला आणि पुढे 20 टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान देण्याचे धोरण आले. ऑक्टोबर 2024 मध्ये वाढीव टप्पा जाहीर झाला, परंतु त्यासाठी आर्थिक तरतूद झाली नाही. जुलै 2025 मध्ये राज्यभरातील शिक्षक आझाद मैदानावर बसले, तेव्हा कुठे सरकारने निधी देण्याचे मान्य केले.