व्हिंटेज गाडीची नोंदणी आणि रॅलीपर्यंतचा प्रवास: अर्ज, कागदपत्रं आणि टोचनाचे नियम

पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून 50 वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली ही स्वतंत्र तरतूद आली. म्हणजे 1978 साली पासिंग झालेली प्रीमियर पद्मिनी 2028 पर्यंत यात बसत नाही. तोवर तिला फॉर्म 25 भरून नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरणच करावं लागतं.

नुसतं वय पुरत नाही. चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, त्यात मोठा फेरफार नको. अनेक जुन्या अँबॅसिडर आणि जीप इथेच अडकतात, कारण मधल्या काळात पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून कुणीतरी त्यांत डिझेल इंजिन बसवलेलं असतं. अर्ज करण्याआधी चॅसिस आणि इंजिन नंबरवरचा रंग व गंज साफ करा, पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घासलेला ठसा) घ्या आणि आरसी बुकाशी एकेक आकडा ताडून बघा. 3 चा 8 वाचला गेला तरी फाइल परत येते.

अर्ज परिवहन पोर्टलवर फॉर्म 20 मध्ये करायचा. सोबत चालू विमा पॉलिसी, शुल्क आणि जुनं आरसी. गाडी परदेशातून आणलेली असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000 रुपये. अर्ज पूर्ण असेल तर 60 दिवसांत फॉर्म 23ए मध्ये प्रमाणपत्र मिळायला हवं.

आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. एमएच येण्यापूर्वीचा तीन अक्षरी नंबर असेल तर तो जरूर ठेवा, गाडीची अर्धी ऐट त्यातच असते. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला ‘एमएच व्हीए एए 0001’ या धर्तीचा नंबर मिळतो.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. आरसी अजून आजोबांच्या नावावर असेल, तर आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करून घ्या. आणि हाताने लिहिलेलं जुनं पुस्तक आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढलेलंच नसेल, तर मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकात भरणं) झाल्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म 28 मधला ना-हरकत दाखला, हाही लागतो.

व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथवर जाणं-येणं, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रॅलीचं निमंत्रणपत्र गाडीत ठेवलेलं बरं.

मग लांबच्या रॅलीला ती घरच्या एसयूव्हीने ओढत न्यावी का? नाही. टोचनाची मुभा बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरती आहे. तेव्हाही मागच्या गाडीत लायसन्सधारक चालक हवा (किंवा तिची पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत), दोन गाड्यांतलं अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको, दोर लांबून दिसायला हवा आणि मागे पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिलेलं हवं. वेगाची मर्यादा अशी की पुणे-मुंबई करता करता दिवस मावळेल. फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला विनानंबर ट्रेलरही चालत नाही. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते.

त्यापेक्षा फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, ठरवा. वाहतुकीतलं नुकसान पॉलिसीत धरलंय का, ते आधी लेखी विचारा. गाडी बांधायचे पट्टे चाकांवरून घ्या, क्रोमच्या बंपरला हूक लावू देऊ नका. पहिल्या खड्ड्यात तो वाकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, जुन्या हँडब्रेकच्या भरवशावर सोडू नका. टायर दबले की पट्टे सैल पडतात, म्हणून साधारण 25 किलोमीटरवर ट्रक थांबवून ते पुन्हा आवळायचे.