पुस्तकजहाजावर सहकुटुंब सेवा : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

ऑपरेशन मोबिलायझेशन, म्हणजे ओएम, या ख्रिस्ती संस्थेने 1970 साली ‘लोगोस’ हे पहिले जहाज घेतले आणि तेव्हापासून पुस्तकांचे फिरते प्रदर्शन व सुवार्तासेवा, म्हणजे ख्रिस्ती संदेश सांगणे, हे काम बंदरोबंदरी चालू आहे. सध्याचे ‘लोगोस होप’ हे जहाज 1973 साली जर्मनीत प्रवासी फेरी म्हणून बांधले गेले, 2004 मध्ये संस्थेने ते विकत घेतले आणि दीर्घ दुरुस्तीनंतर 2009 पासून ते पुस्तकजहाज म्हणून सेवेत आहे. त्यावरील पुस्तकदालनात सुमारे 5,000 शीर्षके असतात आणि 60 हून अधिक देशांचे स्वयंसेवक जहाजावर एकत्र राहून काम करतात. त्यांमध्ये लहान मुलांसह आलेली कुटुंबेही असतात. कुटुंबाचा अर्ज एकट्या तरुणाच्या अर्जापेक्षा बराच वेगळा असतो, आणि हा फरक आधी समजला नाही तर कित्येक महिने वाया जातात.

पहिली गोष्ट अशी की हा अर्ज थेट जहाजाच्या कप्तानाकडे जात नाही. आपण राहतो त्या देशातील ओएमच्या कार्यालयाशी प्रथम संपर्क साधायचा असतो. ते कार्यालय प्राथमिक चौकशी करून अर्ज पुढे पाठवते. अर्जदार किमान 18 वर्षांचा, ख्रिस्ती विश्वासात स्थिर, संस्थेच्या विश्वासविषयक निवेदनाशी सहमत आणि आपल्या मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, पाठिंबा असलेला असावा लागतो. जहाजावरील व्यवहाराची भाषा इंग्रजी असल्यामुळे पती-पत्नी दोघांनाही धोक्याची सूचना तत्काळ समजेल इतकी ती भाषा यायला हवी.

कुटुंबासाठीच्या केबिन मोजक्याच असतात. म्हणून दांपत्याचे कौशल्य आणि जहाजाची त्या वेळची गरज यांचा मेळ बसणे निर्णायक ठरते. इंजिन विभाग, नौचालन, वीजकाम, हिशेब, वैद्यकीय सेवा किंवा मुलांचे शिक्षण यांपैकी एका क्षेत्रातील पात्रता असेल तर अर्जाला बळ मिळते. पदवी आणि अनुभवाचे दाखले, तसेच नौकानयनातील पदासाठी एसटीसीडब्ल्यू, म्हणजे नाविकांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसारची वैध प्रमाणपत्रे सुरुवातीलाच जोडावीत. पती-पत्नींपैकी एकाला पद मिळाले म्हणून दुसऱ्याचा अर्ज आपोआप मंजूर झाला असे होत नाही. दोघांनीही स्वतंत्र अर्ज भरायचा असतो, दोघांची मुलाखत होते आणि दोघांच्या पाळकांकडून, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडून, व परिचितांकडून शिफारसपत्रे घेतली जातात. दीर्घ सेवेचा करार साधारणतः दोन वर्षांचा असतो. कुटुंबाने याहून कमी काळाचा विचार करू नये असे मला वाटते, कारण मुलांना रुळायलाच बरेच महिने लागतात.

सेवेला वेतन नाही. जेवण, निवास, विमा आणि प्रशिक्षण यांचा खर्च भागवण्यासाठी प्रत्येक सदस्यामागे ठरलेली रक्कम कुटुंबाने मंडळी, नातेवाईक आणि मित्र यांच्या आधाराने उभी करायची असते. सर्वाधिक अर्ज येथेच रखडतात. मंडळीच्या सभेत एकदा निवेदन करून हा आधार उभा राहत नाही. कोण, किती आणि किती महिने देणार हे लेखी नोंदवून घ्यावे आणि परतीच्या प्रवासाची व परतल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांची तरतूद वेगळी ठेवावी.

कागदपत्रांमध्ये सर्वांचे पासपोर्ट आधी पाहावेत. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत अनेक देशांत मोठ्यांपेक्षा कमी असते, आणि बरेच देश प्रवेशाच्या वेळी किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात; सेवेचा काळ त्यात मिळवला तर नवे पासपोर्ट काढूनच निघणे श्रेयस्कर. विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या प्रगतिपत्रकांच्या प्रती आणि दोन्ही पालकांची पोलीस चारित्र्य पडताळणी सोबत हवी. जहाजावर मुले राहत असल्यामुळे ही पडताळणी सर्वच प्रौढांना लागू असते, आणि ती कसोशीने होते याचा पालकांना आनंदच वाटावा. मूल पूर्वीच्या विवाहातील असेल किंवा दत्तक असेल, तर ताब्याविषयीचा न्यायालयीन आदेश आणि दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतीपत्र आधी तयार करावे.

वैद्यकीय तपासणीला पुरेसा वेळ ठेवावा. कर्मचाऱ्यांच्या यादीत येणाऱ्या प्रौढांना सागरी सेवेसाठीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, ज्याची मुदत 2006 च्या सागरी कामगार करारानुसार जास्तीत जास्त दोन वर्षांची आणि रंगदृष्टीच्या भागाची सहा वर्षांची असते. पीतज्वराची लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून तिचे प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालते. मात्र नऊ महिन्यांखालील बाळाला ही लस सहसा दिली जात नाही, म्हणून तान्ह्या मुलाच्या पालकांनी निघण्याची तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवावी. दातांची कामे, चष्मे आणि नियमित औषधांची सोय घरीच पूर्ण करून घ्यावी.

मुलाखतीत उत्तरे द्यायची असतात, तसे प्रश्नही विचारायचे असतात. जहाजावर मुलांसाठी शाळा आहे व शिक्षकही स्वयंसेवकच असतात, परंतु आपल्या मुलाच्या इयत्तेसाठी आणि परतल्यावर जो अभ्यासक्रम धरायचा आहे त्यासाठी काय व्यवस्था होईल हे नेमके विचारावे. धोक्याची घंटा वाजली आणि दोन्ही पालकांवर आपत्कालीन जबाबदारी असली तर मूल कोणाच्या हाती असेल, हाही प्रश्न जरूर विचारावा. समजत्या वयाच्या मुलाशी अर्जापूर्वीच मोकळेपणाने बोलावे. त्याचा नकार असेल तर अर्ज एक वर्ष पुढे ढकलणे मला योग्य वाटते.

निवड कळल्यानंतर कुटुंब नव्या तुकडीबरोबर पूर्वप्रशिक्षणाला जाते, जेथे आग विझवणे, प्रथमोपचार आणि जीवरक्षक तराफ्याचा वापर शिकवला जातो. रुजू होण्याचे बंदर आणि त्या देशाचा व्हिसा यांची लेखी सूचना हाती येईपर्यंत तिकीट काढू नये, कारण जहाजाचा मार्ग बदलू शकतो. प्रवासात सर्व मूळ कागदपत्रे हातातल्या पिशवीत आणि त्यांच्या प्रती घरी एका विश्वासू व्यक्तीकडे ठेवाव्यात.