आधी उचल, मागून शिष्यवृत्ती : मराठवाड्यातल्या कॉलेजच्या पैशांची पार्श्वभूमी

2009 च्या आखाडात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, दरसालपेक्षा 20,000 रुपये जादा उचल घेतली. केज तालुक्यातल्या आमच्या गावात उचल कुणाला समजावून सांगावी लागत नाही. येत्या हंगामात जो ऊस तोडायचा, त्याचे पैसे मुकादम पावसाळ्यातच देतो आणि ते मग कोयत्यानं फेडायचे. दसरा लांब होता, कारखाना बंद होता, पण पैसे हातात होते. ते रुमालात बांधून अण्णा माझ्यासोबत जिल्ह्याच्या गावी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात आले.

माझ्या प्रवर्गाची फी सरकार भरतं, असा कागद फीच्या खिडकीशेजारीच चिकटवलेला होता. अण्णांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. ते खिडकीत वाकून म्हणाले, "साहेब, ह्या लेकराला शिष्यवृत्ती हाय म्हणतेत की." आतून उत्तर आलं, "आहे ना. आली की परत मिळंल. आज भरा, नाहीतर सीट जाईल." अण्णांनी गाठ सोडली, नोटा दोनदा मोजल्या आणि आत सरकवल्या.

गरिबाच्या पोराला सवलती किती, यावर आपल्याकडं भरपूर बोललं जातं. त्या सवलतीचा पैसा हातात कधी पडतो, हे मात्र कुणी विचारत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याकडं सोयाबीन-कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या आगेमागे. ऊसतोड्याचा हिशेब होतो कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात. कॉलेजचे प्रवेश होतात जून ते ऑगस्टमध्ये, जेव्हा घरातला होता नव्हता पैसा बी-भरणात गेलेला असतो. ही फट आजची नाही.

निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या पोराचं शिक्षण आधी भाषेपाशी अडायचं. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यम उर्दू. औरंगाबादला 1923 मध्ये इंटरमिजिएट कॉलेज आलं, पण पदवीसाठी हैदराबाद गाठणं आलं. खोली, खानावळ, गाडीभाडं हे सगळं ज्याला झेपेल तोच जायचा. पुण्याकडं गरीब विद्यार्थी वार लावून, म्हणजे दर वारी एकेका घरी, जेवत आणि शिकत, पण वाराचं ताट जात विचारून वाढलं जायचं. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याला वारही नव्हता.

त्यामुळं मराठवाड्यात कॉलेजच्या पैशांची गोष्ट वसतिगृहापासून सुरू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. सप्टेंबर 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. त्याच सुमारास, 1950 मध्येच, नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. मिलिंदच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. तिथली वसतिगृहं म्हणजे पाच जिल्ह्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच अक्षर ओळखणाऱ्या पोरांचा पहिला आसरा. ही मुलं तिथं टिकली यामागं एक सरकारी योजना होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी 1942 मध्ये अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी सरकारकडं लेखी मागणी केली होती, आणि 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. जुनी माणसं तिला आजही 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतात. फी आणि निर्वाह भत्ता, दोन्ही तिच्यात होतं. पोटाचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च आहे, ही समज त्या योजनेत पहिल्यापासून होती. माझ्या मते तिच्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि नंतरच्या बऱ्याच योजनांनी नेमकी हीच सोडून दिली.

1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. 23 ऑगस्ट 1958 ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि पदवीच्या कागदावरचं हैदराबाद गेलं. पुढं बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वर्षाला 1200 रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्या घरांतल्या मुलांना, जात न बघता, फी माफ झाली. ही ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत. आमच्या गावातले पहिले दोन मास्तर, एक तलाठी आणि एक कंपाउंडर याच सवलतीवर शिकले. त्या काळी कॉलेज अनुदानित असायचं. पगार सरकार द्यायचं, म्हणून फी मुळातच थोडी आणि माफ करायलाही सोपी. विद्यार्थ्यानं आधी भरायची आणि मागून परत घ्यायची, असा व्यवहारच नव्हता. फॉर्मवर 'ईबीसी' लिहिलं की काम झालं.

शिष्यवृत्तीवर शिकलेली पहिली पिढी सत्तरच्या दशकात लिहू लागली, बोलू लागली, नोकरीला लागली. ते गावातल्या पुष्कळांना सलत होतं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या सोळा वर्षांत घर जळालं म्हणून किंवा भीतीपोटी किती जणांचं कॉलेज सुटलं, हे कोणत्याच हजेरीपटात सापडणार नाही. कॉलेजच्या पैशांचा इतिहास लिहिताना ही किंमत वगळणं मला शक्य नाही.

खरं वळण आलं 1983 मध्ये. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, तालुक्यातल्या पोरालाही इंजिनिअर होता येईल असं वाटायला लागलं. पण पगाराचा बोजा आता फीवर आला. देणग्यांचा बाजार इतका वाढला की 1987 मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट' असा तोडगा काढला. म्हणजे पैसेवाल्याच्या फीतून गरिबाची जागा स्वस्त व्हायची. 2002 मध्ये टी.एम.ए. पै खटल्याच्या निकालानं ही व्यवस्था मोडली. आता खाजगी कॉलेजातल्या सगळ्यांची फी सारखी. मग गरिबाचं काय? सरकार म्हणालं, त्याची फी आम्ही कॉलेजला देऊ. सरकारी भाषेत याचं नाव 'प्रतिपूर्ती'.

त्या एका शब्दानं सगळा व्यवहार उलटा झाला. माफीत पैसा कुणीच कुणाला देत नव्हतं. प्रतिपूर्तीत कॉलेजला सरकारकडून पैसा येणं असतो, तो लवकर येत नाही, आणि तोवरची कळ कोण काढणार तर खिडकीबाहेर उभा असलेला. कुठं आगाऊ पैसे घेतात, कुठं परीक्षेचा फॉर्म अडवतात, तर कुठं टीसी आणि मार्कमेमो ठेवून घेतात. मूळ कागद अडवू नका, असं विद्यापीठ अनुदान आयोगाला 2018 मध्ये अधिसूचना काढून सांगावं लागलं, यावरूनच काय ते समजावं.

योजना मात्र वाढत गेल्या, आणि त्या खऱ्या आहेत. ईबीसीची उत्पन्नमर्यादा 2017 मध्ये 8 लाखांवर गेली, आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते आणि मुलग्यांना व्यावसायिक शिक्षणाची निम्मी फी देते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. तिनं खोली-खानावळीचा पैसा थेट विद्यार्थ्याच्या हातात दिला. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं निर्वाह भत्ता आला. 1944 ची समज इथं पुन्हा दिसते. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांचा निर्णय झाला, संत भगवानबाबांच्या नावानं. आईबाप सहा महिने फडात असताना पोर म्हाताऱ्या आजीजवळ राहतं, हे सरकारी कागदावर आलं याचा मला फार आनंद झाला होता.

मधल्या काळात अर्ज महाडीबीटी या सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर गेले. मधली गळती थांबावी हा हेतू चांगलाच होता. पण आधार बँकेला जोडलेलं नाही, दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एका वेलांटीनं वेगळं, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपलेली, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून, असे नवे अडसर आले. ज्याच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्याला हे सांगणार कोण? आमच्या भागात ते काम सेतू केंद्रातला किंवा नेटकॅफेवाला पोरगा करतो. त्याला काळजी असली तर अर्ज पार पडतो, नसली तर वर्ष जातं.

डिसेंबर 2020 मध्ये केंद्रानं अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आपला वाटा 60 टक्के ठरवला आणि तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात द्यायला सुरुवात केली. आता कॉलेजच्या फीचा पैसा मुलाच्या खात्यावर येतो आणि त्यानं तो नेऊन भरायचा. त्याच आठवड्यात घरात कुणी दवाखान्यात असेल तर तो पैसा कुठं जाईल, हे सांगायला नको. मग कॉलेजच्या वहीत तो मुलगा थकबाकीदार ठरतो.

माझी प्रतिपूर्ती मी तिसऱ्या वर्षाला असताना आली. अण्णा पुन्हा त्या खिडकीत गेले. रक्कम इतर फीत 'वळती केली' असं सांगून त्यांना कागद दाखवला, जो त्यांना वाचता येत नव्हता. मी त्या दिवशी परीक्षेला होतो. 20,000 ची उचल मात्र त्यांनी आणि आईनं पहिल्याच हंगामात फेडली होती. पट्टा पडल्यावरही दोघं दुसऱ्या कारखान्यावर पंधरा दिवस जादा थांबली, तेवढ्यासाठी.

8 जुलै 2024 ला शासन निर्णय निघाला. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. गावात आमच्या शेजारच्या मुलीचा त्याच वर्षी फार्मसीला नंबर लागला. तिच्या वडिलांबरोबर मी गेलो, खिडकीतला प्रत्येक कागद स्वतः वाचला. शिक्षण शुल्काचा एक रुपयाही घेतला नाही. विकास शुल्क, होस्टेलचं डिपॉझिट आणि मेसचा आगाऊ महिना मात्र या निर्णयात बसत नव्हता. ते भरून आम्ही बाहेर आलो. तो आखाडच होता, आणि आठ दिवसांपूर्वी मुकादमाच्या वहीत तिच्या वडिलांच्या नावापुढं 12,000 रुपये जादा लिहिले गेले होते.