ओठ आणि आवाज यांची फारकत

लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून घेतली की पुष्कळ घरांत एकच तक्रार निघते. पहिल्या मंगलाष्टकाला भटजींचे ओठ आणि आवाज अगदी जुळलेले असतात. तासाभराने नवरी उखाणा घेते तेव्हा मात्र नाव आधी ऐकू येते आणि ओठ नंतर हलतात. कॅसेट टीव्हीवर लावल्यास हा दोष दिसत नाही.

चित्र आणि ध्वनी स्वतंत्र यंत्रांवर चालवण्याची अडचण बोलपटाइतकीच जुनी आहे. 1926 मध्ये पुढे आलेल्या व्हिटाफोन पद्धतीत ध्वनी तबकडीवर असे. फिल्म तुटून चार फ्रेम गेल्या, तर तेवढ्याच कोऱ्या फ्रेम जोडाव्या लागत, नाहीतर पुढचे सारे रीळ बिघडे. ध्वनी फिल्मच्याच कडेला छापला जाऊ लागल्यावर ही कटकट मिटली. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या ‘आलम आरा’चा ध्वनीही चित्रीकरणाच्या वेळी थेट फिल्मवरच मुद्रित झाला होता. पुढे चित्र आणि ध्वनी वेगवेगळे मुद्रित करण्याची पद्धत रुळली, तेव्हा ते जुळवण्यासाठी क्लॅपचा ठोका आला.

व्हिडिओ कॅसेटमध्ये दोन्ही एकाच फितीवर असल्यामुळे घरच्या हौशी माणसाला या प्रश्नाची कधी ओळखच झाली नाही. ती झाली संगणकामुळे, कारण तेथे चित्र कॅप्चर कार्डातून आणि आवाज अनेकदा साउंड कार्डातून आत येई, आणि दोन्हींचे वेळ मोजणारे क्वार्ट्झ स्फटिक वेगळे असत. त्यांच्या गतीत दहा हजारांत एका भागाचा फरक असला, तरी तासाला 0.36 सेकंद, म्हणजे आपल्याकडच्या पाल या सेकंदाला 25 फ्रेमच्या टीव्ही पद्धतीत 9 फ्रेमची तफावत पडते. त्यातच झिजलेल्या फितीमुळे काही फ्रेम गळाल्या, तर आवाज हळूहळू सरकण्याऐवजी मध्येच उडी मारतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटचा घोळ निराळा. तेथे 1953 मध्ये रंगीत प्रक्षेपणासाठी सेकंदाला 30 ऐवजी 29.97 फ्रेमचा वेग ठरला, आणि तो 30 समजून संपादन केल्यास तासाला 3.6 सेकंदांचा फरक पडतो. आजच्या मोबाइलने यात भरच घातली आहे, कारण प्रकाश कमी पडला की कित्येक मोबाइल फ्रेमचा वेग स्वतःहून बदलतात, आणि काही संपादन प्रणाली मात्र तो स्थिरच धरून चालतात.

म्हणूनच आवाज डोळे मिटून पुढे-मागे ओढत बसणे मला व्यर्थ वाटते. आधी सुरुवातीच्या आणि शेवटच्या एखाद्या टाळीवर चित्र आणि आवाज यांतला फरक तपासावा. दोन्हीकडे फरक सारखा असेल तर आवाज तेवढाच सरकवावा. वाढत गेला असेल तर त्याच प्रमाणात आवाजाची लांबी बदलावी. मोबाइलचे चित्रण असेल तर संपादनापूर्वीच ते स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावे.

एकेका फ्रेमसाठी झुरण्याचेही कारण नाही. 1998 च्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला की जाणवतो, पण मागे पडल्याचे मात्र सुमारे 125 पर्यंत लक्षात येत नाही. मिरवणुकीत लांबच्या ढोलावर टिपरू पडताना आधी दिसते आणि मग ऐकू येते, त्यामुळे उशिराच्या आवाजाची आपल्याला सवयच आहे. शंका असेल तेव्हा आवाज एक फ्रेम मागेच ठेवावा.