पायाखालचा जीव

पहिला मोठा पाऊस झाला की रात्री दिव्याभोवती वाळवीची पाखरं जमतात आणि सकाळी केरात नुसते पंख निघतात. किड्यामुंग्यांचा जीव जपायची आपल्याकडची एक फार जुनी रीत याच दिवसांतली आहे. भर पावसात भिक्षू हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीक जीव पायाखाली चिरडतात, अशी लोकांची तक्रार आली. तेव्हा बुद्धांनी पावसाळाभर एका जागी राहायचा नियम घातला, असं विनयपिटक हा भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ सांगतो. तोच वर्षावास. जैन साधूंच्या चातुर्मासामागेही हीच काळजी आहे. भाजे-कार्ल्यापासून अजिंठ्यापर्यंतच्या लेण्यांत भिक्षू पावसाळा काढत. त्या कोरीव खोल्यांमागे थोडा वाटा पायाखालच्या किड्याचाही आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर अशोकाने एक स्तंभलेख कोरवला. कोणते प्राणी मारायचे नाहीत, याची त्यात यादी आहे. पोपट, मैना, वटवाघळं यांच्या ओळीत एक मुंगीही येते. पुढे आज्ञा आहे, की जिवंत किडे असलेलं तूस जाळू नये. सम्राटाने खळ्यावरच्या तुसापर्यंत वाकून पाहिलं होतं.

मराठीत हा विचार ज्ञानेश्वरांनी 1290 साली तेराव्या अध्यायात मांडला. केसर चुरगळेल या धास्तीने भुंगा कमळावर हळुवार पाय ठेवतो, तसा अहिंसक माणूस चालतो. कणाकणात चिमुकले जीव आहेत हे जाणून तो आपली पावलं करुणेत लपवतो. अहिंसेवर इतकं बारकाईने बोलणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही.

गुजरातेत याची थेट व्यवस्थाच लागली. किडलेलं धान्य निवडलं की किड्यांसकट ते पांजरपोळात, म्हणजे जनावरांच्या आश्रयघरात, द्यायचं. तिथे त्यासाठी वेगळी खोली असे, तिला जीवातखाना म्हणत. खोली भरली की ती बंद करून वर्षानुवर्षं तशीच ठेवत. 1689 मध्ये इंग्लंडहून निघून सुरतेला आलेला जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री लिहितो, की ढेकूण-पिसवांना रक्त मिळावं म्हणून तिथे अधूनमधून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवत. परदेशी प्रवाशांना यात गंमत वाटली. मला मात्र त्या खाटेवरच्या माणसाचा विचार सोडत नाही. पुण्य एकाचं आणि चावे दुसऱ्याला, ही दया मला पटत नाही.

मग काळ बदलला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे त्यामागची पिसू सापडली. 1897 मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. 1953 पासून देशभर घराघरांत डीडीटी फवारलं जाऊ लागलं. जीव वाचले, हे खरंच. डेंग्यूने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसून डासाची बाजू कोण घेईल? पण किडा म्हटलं की मारायचा, ही सवयही त्याच सुमारास घराघरांत मुरली. आठवड्यातून एकदा पिंप-हंडे उपसून पुसून ठेवायचा 'कोरडा दिवस' पाळला, तर बरेचसे डास जन्मालाच येत नाहीत. मला ही वाट जुन्या रीतीच्या जवळची वाटते.

जुन्या रीतीतलं गाळणं तर अगदी आपल्या घरातलं. जैन घरांत पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात. पूर्वी विहिरीचं पाणी असे, तेव्हा फडकं उलटं करून त्यावर हलकेच पाणी सोडत आणि अडकलेले जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत परत पोचवत. हे त्या जीवांसाठी होतं. पुढे 1980 च्या दशकात नारू या जंताच्या रोगाविरुद्ध देशभर मोहीम निघाली, तेव्हा गावोगाव हेच सांगितलं गेलं, की पाणी फडक्याने गाळून प्या. नारूची पिल्लं सायक्लोप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक जीवाच्या पोटात असतात, आणि तो जीव फडक्यात अडकतो. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला.