किलोवर घेतलेला गॅस

“भाऊ, आज एकच किलो भरा.” गोवंडीच्या एका गल्लीत संध्याकाळी छोटी टाकी घेऊन आलेल्या बाईने दुकानदाराला सांगितलं. नाक्यावरचं काम, रोजची मजुरी. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर घ्यायचा तर पैसे एकरकमी लागतात, म्हणून ती किलोवर घेते. किलोमागे जास्त मोजते, आणि असा गॅस भरणं धोक्याचं, ते वेगळंच.

विजेचंही तसंच. पहिल्या 100 युनिटांचा दर सर्वांत कमी, पुढे टप्प्याटप्प्याने तो चढतो. पण चार खोल्यांना मिळून एकच मीटर असेल, तर प्रत्येकीने 80 युनिटं जाळूनही मीटरवर 320 दिसतात. काटकसर करूनही बिल चढ्या दराचं!

देशांचं याहून फार वेगळं नसतं. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर 2022 मध्ये रशियाच्या पाइपलाइनमधला गॅस आटला, तेव्हा युरोपने वाटेल तो भाव देऊन जहाजांतून येणारा द्रवरूप गॅस, म्हणजे एलएनजी, उचलला. त्याच जुलैत पाकिस्तानने काढलेल्या 10 जहाजांच्या निविदेला एकही विक्रेता पुढे आला नाही. बांगलादेशाने खुल्या बाजारातली एलएनजीची खरेदीच थांबवली आणि ठरवून भारनियमन सुरू केलं. जगातला गॅस काही संपला नव्हता. तो मोठ्या खिशाकडे वळला होता.

देशाच्या आतही हेच घडतं. उत्पन्नातली विषमता जिनी निर्देशांकाने मोजतात: 0 म्हणजे सगळे सारखे, 100 म्हणजे सगळं एकाच्या हाती. दक्षिण आफ्रिकेचा आकडा 2014 मध्ये 63च्या आसपास होता, जगातल्या सर्वाधिक आकड्यांपैकी एक. तिथल्या जुनाट कोळसा केंद्रांमुळे 2022-23 मध्ये रोज तासन्‌तास वीज जायची. श्रीमंतांनी छतावर सौरपट्ट्या आणि बॅटऱ्या बसवल्या. वस्त्यांतली दुकानं आणि शिवणयंत्रं बंद पडली, म्हणजे कमाईच बुडाली. विषमतेमुळे अंधार वाट्याला येतो आणि अंधारामुळे विषमता वाढते, हे दुष्टचक्र मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं.

भारत विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखालच्या गुहांत कच्च्या तेलाचा साठा ठेवतो, आणि तो किती दिवस पुरेल याचा हिशेब ठेवला जातो. ऊर्जासुरक्षेचा हाच हिशेब घराघरापर्यंत नेला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. गोवंडीतल्या त्या टाकीतला एक किलो चार माणसांच्या घराला जेमतेम दोन-तीन दिवस पुरतो.