जीनोटायपिंग की सिक्वेन्सिंग? रिपोर्ट हातात घेण्याआधी

थुंकीची नळी कुरिअरने पाठवली आणि 'डीएनए रिपोर्ट' आला, की अनेकांना वाटतं आपला अख्खा जीनोम, म्हणजे शरीरातला सगळा डीएनए, वाचून झाला. स्वस्त किटमध्ये सहसा तसं होत नाही. तिथे होतं ते जीनोटायपिंग: चिपवर आधीच ठरवलेल्या काही लाख जागा, आणि त्या जागी डीएनएच्या चार अक्षरांपैकी (A, T, G, C) तुमचं कोणतं एवढंच पाहणं. जीनोममधली अक्षरं तीनशे कोटींच्या वर. म्हणजे साधारण पाच हजारांत एक तपासलं जातं.

सिक्वेन्सिंगमध्ये जागा आधी ठरलेल्या नसतात. यंत्र डीएनएचे तुकडे वाचतं, संगणक ते जुळवतो. त्यामुळे आजवर कुठेच न नोंदलेला बदलही सापडू शकतो.

हा फरक सगळ्यात जास्त महागात पडतो तो कॅन्सरच्या बाबतीत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 'ट्वेंटीथ्री अँड मी' या किट विकणाऱ्या कंपनीला बीआरसीए जनुकांतले (ज्यांत बिघाड झाल्यास स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) तीन बदल ग्राहकांना थेट कळवायची मुभा दिली. तिन्ही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंमध्ये आढळणारे. या जनुकांतले धोकादायक बदल मात्र हजाराहून अधिक माहीत आहेत. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी बाईच्या रिपोर्टवर त्या काळी 'आढळले नाही' असं आलं असेल, तर त्यावर निर्धास्त होण्यासारखं फारसं काही नव्हतं. आई-मावशीला हा आजार झालेला असेल तर जनुकांचं सिक्वेन्सिंगच करायला हवं.

धंद्याचं गणितही वेगळं. वंशावळीची हौस एकदाच भागते. तोच ग्राहक पुन्हा किट कशाला घेईल? २०२३ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी'च्या सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सिक्वेन्सिंगवाले यंत्रापेक्षा त्यात लागणाऱ्या रसायनांवर कमावतात, प्रिंटरच्या शाईसारखं. सिक्वेन्सिंगची यंत्रं बनवणाऱ्या इल्युमिनाने २०२२ मध्ये दोनशे डॉलरच्या जीनोमची घोषणा केली. पण त्यात अर्थ लावण्याचा खर्च धरलेला नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. 'अर्थ अनिश्चित' (बदल सापडला, पण तो धोक्याचा की निरुपद्रवी ते ठरत नाही) असा शेरा घेऊन रुग्ण परत येतो, आणि डॉक्टरकडेही त्याला सांगण्यासारखं काही नसतं.

तो शेरा कमी करायला आपल्याकडच्या निरोगी माणसांचे जीनोम लागतात. जीनोम इंडिया प्रकल्पाचा दहा हजार जणांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. तो फरिदाबादला साठवलेला आहे. एखादा बदल इथल्या पुष्कळ धडधाकट लोकांत दिसला, तर संशयितांच्या यादीतून तो बहुधा गळतो. आणि याच डेटावरून भारतीयांसाठी नेमक्या जागा निवडून स्वस्त चिपही बनवता येते.